शेवटची एक्झिट

गाडीच्या स्पीडोमीटरवर मैलांच्या मोठ्या आकड्यांच्या आतल्या बाजूला किलोमीटरचे बारीक आकडे असतात. नऊ वर्षं ही गाडी चालवतेय, पण ते आकडे मी कधी नीट वाचले नव्हते. परवा लेकानं मला बंद गाडीत ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं आणि एकेका आकड्यावर बोट ठेवून ते वाचायला लावले. ऐंशी कुठे येतात, शंभर कुठे, गावात चाळीसची मर्यादा असली तर काटा कुठे थांबायला हवा. तो बारा वर्षांचा आहे, त्याचा जन्मच मैलांतला. मी मात्र वर्धा-नागपूर रस्त्यावरचे किलोमीटरचे दगड मोजत मोठी झाले, आणि तरी पंधरा वर्षांत ते माप माझ्या हातातून सुटलं होतं. तासभर आम्ही दोघं त्या बंद गाडीत बसलो होतो.

येत्या शनिवारी आम्ही गाडीनं मेक्सिकोत चाललोय. पहिल्यांदाच. सॅन डिएगोतल्या आमच्या घरापासून सीमा जेमतेम पंचेचाळीस किलोमीटरवर आहे. वर्ध्याहून नागपूर याहून लांब. तिहुआना, एन्सेनादा, सान किंतिन, कातावीन्या आणि शेवटी गेरेरो नेग्रो, तिथं देवमासे बघायचे आणि त्याच रस्त्यानं परत. सहा दिवस. बरोबर नवरा, लेक आणि वर्ध्याहून सहा महिन्यांसाठी आलेली माझी आई.

इतक्या वर्षांत कधी गेलो नाही असं म्हटलं की लोकांना नवल वाटतं. आम्ही सांगायचो, "तिकडं सेफ नाही म्हणतात." समोरचा मान डोलवायचा आणि विषय संपायचा. ते उत्तर खरं नव्हतं. खरं कारण मी इथं पहिल्यांदाच लिहून काढतेय.

२०१६ सालातली गोष्ट आहे. एका रविवारी संध्याकाळी आम्ही सॅन इसिद्रोच्या आउटलेट मॉलमध्ये निघालो होतो. आय-फाइव्ह हा महामार्ग वर कॅनडाच्या सीमेला सुरू होतो आणि खाली सॅन इसिद्रोला, मेक्सिकोच्या दारात संपतो. मॉल अगदी त्या दाराला लागून आहे. मॉलकडे वळणारी एक्झिट ही अमेरिकेतली शेवटची एक्झिट, आणि तसा फलकही तिथं आहे: 'लास्ट यूएसए एक्झिट'. ती चुकली तर मागे वळायला जागा नाही. मधल्या लेनमधली गाडी सरळ मेक्सिकोत जाते, कुणी थांबवत नाही. नवरा चालवत होता, आम्ही कसल्याशा घरच्या विषयावर बोलत होतो, आणि तो फलक मला दिसला तेव्हा आम्ही मधल्या लेनमध्ये होतो.

मी ओरडले. त्यानं दोन लेन कापून गाडी उजवीकडे घातली. मागून हॉर्नचा एकच कल्लोळ झाला. मॉलच्या पार्किंगमध्ये गाडी उभी राहिली तेव्हा माझे तळहात गार पडले होते. मागे कारसीटमध्ये लेक तोंड उघडं टाकून गाढ झोपला होता. त्याच्या एका पायातला बूट निघून खाली पडला होता, तो उचलून घालायचं बळही माझ्या बोटांत नव्हतं. काही न घेता आम्ही घरी परतलो.

तेव्हा आमच्या एच-वनच्या, म्हणजे नोकरीच्या व्हिसाच्या, मुदतवाढीचा अर्ज पेंडिंग होता. पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपलेला, आय-नाइन्टीफोरची, म्हणजे देशात किती दिवस राहता येईल त्या नोंदीची, तारीखही उलटून गेलेली. देशात राहून निकालाची वाट बघायला कायद्यानं मुभा होती, पण एकदा का बाहेर पाऊल पडलं की आत यायला हातात काहीच नव्हतं. नवा व्हिसा मिळेपर्यंत पलीकडेच थांबायचं. घर, नोकऱ्या, पाळणाघराची फी, फ्रिजमध्ये भिजत घातलेली डाळ, सगळं अलीकडे. त्या संध्याकाळी तर पासपोर्टही घरीच होते. ज्याच्या जवळ या देशाचा कागद घट्ट होता असा आमच्यात एकच माणूस, आणि तो तीन वर्षांचा होता.

त्यानंतर आम्ही त्या मॉलला गेलो नाही. आय-फाइव्हवरून दक्षिणेला जायची वेळ आली तरी मी चार एक्झिट आधीपासून उजव्या लेनला चिकटून राहायचे. आमचं भय मेक्सिकोत नव्हतं, ते आमच्याच टेबलाच्या खणात, कागदांच्या फाइलीत होतं. तरी नाव मात्र आम्ही मेक्सिकोचं घेत राहिलो. एका अख्ख्या देशाला आम्ही आमच्यापुरतं बदनाम केलं, याचं मला आता वाईट वाटतं.

ग्रीन कार्डाचा अर्ज २०१२ मधला, कार्ड हातात आलं २०२४ मध्ये. भारतात जन्मलेल्यांची रांग किती लांब असते ते इथल्या प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे, ते पुन्हा उगाळत नाही. कार्ड आल्यावरही वर्षभर आम्ही कुठं गेलो नाही. सवयच मोडत नव्हती.

ती आईनं मोडली. डिसेंबरात तिला स्वेटर घ्यायला म्हणून हिय्या करून त्याच मॉलला नेलं. पार्किंगमधून कुंपणापलीकडची टेकडी दिसते, तिच्यावर घरांची दाटी, पाण्याच्या टाक्या, दोरीवर वाळत घातलेले कपडे. आई बराच वेळ बघत उभी राहिली.

"ते कोणतं गाव गं?"

"तिहुआना. मेक्सिको."

"इतकं जवळ? मग पंधरा वर्षांत एकदाही नाही गेलात?"

मी कागदांचं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आता आहेत ना कागद? मग काहून भितेस?"

त्या रात्री आम्ही नकाशा उघडला.

तयारीची सुरुवात अर्थातच फाइलीपासून झाली. मेक्सिकोचा नियम भारतीय पासपोर्टवाल्यांना सोयीचा आहे, आणि तो पुष्कळांना माहीत नसतो. अमेरिकेचं ग्रीन कार्ड किंवा चालू असलेला अमेरिकी व्हिसा जवळ असला, तर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. म्हणजे आईचा टुरिस्ट व्हिसाही चालतो. तिचं आय-नाइन्टीफोर मी वेबसाइटवरून काढून छापून ठेवलं. तीस दिवसांच्या आत परतायचं असेल तर ते तसंच चालू राहतं, फक्त तारीख तेवढी शिल्लक हवी. आईनं स्वतः कॅलेंडरवर बोट फिरवून दिवस मोजले, दोनदा.

पलीकडे गेल्यावर एक कागद मात्र स्वतःहून मागून घ्यावा लागतो, एफएमएम, प्रवाशाचा परवाना. गाडीनं जाणाऱ्याला कुणी अडवून तो देत नाही. आपणच गाडी बाजूला लावायची, इमिग्रेशनच्या ऑफिसात जायचं, फॉर्म भरायचा, शिक्का मारून घ्यायचा. तिहुआनात जेवून परतणारे बरेच जण हा फॉर्म घेत नाहीत. आम्ही घेणार. बारा वर्षं शिक्क्यांवर जगलेली माणसं शिक्का सोडून पुढं जातील कशी?

गाडीचं आणखी निराळं. मेक्सिकोच्या मुख्य भूमीवर आत जायचं तर परदेशी गाडीला तात्पुरत्या आयातीचा परवाना काढावा लागतो आणि अनामत भरावी लागते, नव्या गाडीला चारशे डॉलर. आम्ही जातोय त्या बाहा कॅलिफोर्नियाच्या द्वीपकल्पाला तो नियम लागू नाही, म्हणून तेवढं वाचलं. विमा मात्र टळत नाही. अमेरिकी विम्यातलं थर्ड पार्टीचं संरक्षण तिकडे मानलंच जात नाही, आणि फेडरल रस्त्यांवर मेक्सिकन विमा कायद्यानं सक्तीचा आहे. यामागचं कारण समजून घेतलं तेव्हा मला त्याचं गांभीर्य कळलं. अपघातात कुणी जखमी झालं तर चूक कुणाची आणि भरपाई देण्याची ऐपत आहे की नाही, हे ठरेपर्यंत चालकाला अडवून ठेवता येतं. मेक्सिकन पॉलिसी म्हणजे त्या ऐपतीचा पुरावा. ती दिवसांच्या हिशोबानं मिळते. आम्ही सहाऐवजी आठ दिवसांची घेतली, वकिलाची मदत आणि गाडी ओढून आणण्याची सोय धरून. प्रत मोबाइलवर ठेवून भागत नाही, छापून गाडीत ठेवायची.

गाडीवर अजून थोडं कर्ज आहे. कर्ज असलेली गाडी सीमेपलीकडे न्यायला देणेकऱ्याची लेखी परवानगी लागते. ते पत्र यायला साडेतीन आठवडे लागले. फोनवर दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून सगळी कथा. चौथ्या फोनला माझा आवाज चढला. पत्र आलं ते एका परिच्छेदाचं, त्यात गाडीचा नंबर बरोबर होता, आणि मी ते दोन्ही हातांनी धरून स्वयंपाकघरात उभी राहून वाचलं.

खरी तयारी करून घेतली ती माझ्या ऑफिसातल्या एका सहकारी बाईंनी. त्या तिहुआनाच्या. रोज पहाटे चारच्या आधी उठून सीमा ओलांडून कामावर येतात, संध्याकाळी परत जातात. त्यांच्यासारखे हजारो लोक रोज असे येतात-जातात. दहा वर्षं आम्ही शेजारच्या टेबलांवर बसतो, एकमेकींच्या डब्यातलं खातो, आणि मी त्यांना त्यांच्या गावाबद्दल एकही प्रश्न विचारला नव्हता. जानेवारीत विचारला. त्यांनी खुर्ची ओढून घेतली आणि कागदावर रेघा मारून रस्ता काढायला सुरुवात केली.

पहिली ताकीद, अंधारात गाडी चालवायची नाही. मला वाटलं आता चोरांच्या गोष्टी निघतील. त्या म्हणाल्या, गाई! एन्सेनादाच्या खाली रस्ता अरुंद, कडेला पट्टी नाही, कुंपण नाही, आणि रात्री डांबर ऊबदार असतं म्हणून गुरं त्यावर येऊन बसतात. मी हसायलाच लागले. आमच्याकडे पावसाळ्यात कोरड्या डांबरावर बसलेल्या गुरांना हॉर्न देऊन देऊन बाबा जेरीला यायचे. मग सांगितलं तोपेंबद्दल. तोपे म्हणजे गतिरोधक, प्रत्येक गावाच्या तोंडाशी, बऱ्याचदा फलकाशिवाय. ज्या माणसानं महाराष्ट्रातल्या रस्त्यांवर गाडी चालवलीय त्याला याची तालीम नको.

पुढचा ट्रक डावा इंडिकेटर देऊ लागला तर तो वळतोय असं समजून घाबरू नका, असं त्या म्हणाल्या. पुढं रस्ता मोकळा आहे, जा, असं तो सांगत असतो. पण कधीकधी तो खरंच वळतही असतो, म्हणून आपले डोळे वापरा. मला घाटातले आपले ट्रकवाले आठवले, केबिनच्या खिडकीतून हात बाहेर काढून पुढं जायची खूण करणारे. न बघितलेल्या माणसाच्या त्या हातावर भरवसा ठेवून बाबा गाडी पुढं काढायचे.

पेट्रोलचा धडा तर मी त्यांच्याबरोबर मोठ्यानं म्हटला. तिकडे पंपावर माणूस पेट्रोल भरतो. हिरवी नळी माग्नाची, म्हणजे साध्या पेट्रोलची, लाल प्रीमियमची. भरायच्या आधी मीटर शून्यावर आहे ना ते बघायचं. "झिरो बघा मॅडम," हे वाक्य ऐकल्याला किती वर्षं झाली! इथं पेट्रोल आपलं आपण भरायचं, बोलायला कुणी नसतं. एल रोसारियो गावानंतर मात्र वाळवंट लागतं आणि गेरेरो नेग्रोपर्यंत जवळपास साडेतीनशे किलोमीटर भरवशाचा पंप नाही. कातावीन्यात काही जण रस्त्याकडेला पिंपातून पेट्रोल विकतात, पण त्यावर विसंबायचं नाही, एल रोसारियोला टाकी काठोकाठ भरायची. गाडी बंदच पडली तर ०७८ फिरवायचा. 'आंहेलेस वेर्देस', हिरवे देवदूत, हे सरकारी मेकॅनिक १९६० पासून हिरव्या गाड्या घेऊन महामार्गांवर फिरतात. मदतीचे पैसे घेत नाहीत, लागला तर सुट्या भागाचा खर्च तेवढा आपला. हे ऐकून नवऱ्याचा चेहरा सैल पडला. त्याची सगळी काळजी त्या साडेतीनशे किलोमीटरची होती.

द्वीपकल्पाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतचा हा रस्ता, मेक्सिको एक, १९७३ मध्ये पुरा झाला. तोवर खाली जायचं म्हणजे कच्च्या वाटेनं दिवसचे दिवस. एन्सेनादापर्यंत मात्र टोलचा चांगला रस्ता आहे, समुद्राला धरून जाणारा. २०१३ च्या डिसेंबरात त्याचा एक तुकडा कड्यासकट समुद्रात खचला आणि पुन्हा बांधून व्हायला वर्ष लागलं. कोकणच्या घाटात दर पावसाळ्याला दरडींशी झगडणाऱ्या लोकांना हे वेगळं सांगायला नको.

गेला महिनाभर घरात स्पॅनिशचा क्लास चालू आहे. एक गोष्ट मला फार आवडली. स्पॅनिशमधला त आणि द आपल्यासारखा दातांवर जीभ टेकवून येतो. माझे इंग्रजी बोलणारे मित्र वर्षानुवर्षं शिकूनही 'टॉर्टिया' म्हणतात, आई पहिल्या फटक्यात 'तोर्तिया' म्हणाली. ग्रासियास, बुएनास तार्देस, तेलुगू किंवा बंगाली शिकावी तसं तिनं हे सहज उचललं. पैसे देणे याला 'पागार' म्हणतात हे कळलं तेव्हा ती खूष झाली. "म्हणजे आपला पगार!" तोच. पोर्तुगीजांबरोबर आला आणि आपल्या महिन्याच्या एक तारखेला जाऊन बसला. चिकू हा शब्दही मूळ तिकडचाच, आणि चिकूचं झाडही. दसऱ्याच्या तोरणातला झेंडूसुद्धा. हे मी तिला सांगितलं तेव्हा तिचा विश्वास बसेना. नोव्हेंबरच्या सुरुवातीला मेक्सिकोतली माणसं आपल्या मृतांच्या वाटेवर झेंडूच्या पाकळ्या पसरतात, घरी येताना त्यांना रस्ता सापडावा म्हणून. आई हे ऐकून गप्प झाली. बाबांना जाऊन या मार्चला चार वर्षं होतील.

मग तीच म्हणाली, "खानखोजे नाही का गेले होते मेक्सिकोला?"

मी विसरलेच होते. पांडुरंग सदाशिव खानखोजे, वर्ध्याचे. गदरच्या चळवळीत होते, इंग्रजांनी त्यांना मायदेशाची दारं बंद केली होती. जगभर भटकून १९२४ मध्ये ते मेक्सिकोत पोचले, चापिंगोच्या शेतकी शाळेत शिकवू लागले, मक्याच्या वाणांवर काम केलं, गरीब शेतकऱ्यांसाठी शाळा काढल्या. चित्रकार दिएगो रिवेरानं त्यांना भिंतीवर चितारलं, मेक्सिको सिटीतल्या शिक्षण मंत्रालयात ते चित्र आहे. घरी परतायला त्यांना देश स्वतंत्र होण्याची वाट बघावी लागली. १९६७ मध्ये ते वारले, नागपुरात. शाळेत त्यांच्यावर चार ओळी होत्या, त्या मी परीक्षेपुरत्या पाठ केल्या होत्या. परवा रात्री झोप येईना तेव्हा मी त्यांचाच विचार करत पडले होते. आमच्या बारा वर्षांचं मला केवढं अप्रूप होतं. आणि हा आमच्याच गावचा माणूस, परतीची वाट बंद असताना, दुसऱ्यांच्या शेतात कणसं पारखत बसला होता.

जायचंय ते देवमाशांसाठी. करडे देवमासे उन्हाळाभर अलास्कापलीकडच्या थंड समुद्रात चरतात आणि हिवाळ्यात हजारो किलोमीटर पोहून बाहाच्या खाजणांत पिल्लं घालायला येतात. गेरेरो नेग्रोजवळच्या खाजणाचं नाव ओहो दे लिएब्रे, सशाचा डोळा. १८५७ मध्ये स्कॅमन नावाचा अमेरिकी कप्तान तिथं शिकारीला शिरला. उथळ पाण्यात कोंडलेल्या आया पिल्लांसाठी होड्यांवर तुटून पडत, म्हणून शिकारी त्यांना सैतानी मासा म्हणू लागले. पुढं कोळीसुद्धा त्यांच्यापासून लांबून होडी न्यायचे, होडीच्या कडेवर काठी आपटत. १९७२ मध्ये आणखी दक्षिणेला, सान इग्नासियोच्या खाजणात पाचिको मायोराल या कोळ्याच्या लहानशा होडीखाली एक देवमासा येऊन थांबला. पाचिको घाबरून गेला होता. मासा जाईना, काही करीनाही. शेवटी त्यानं पाण्यात हात घातला आणि त्याला स्पर्श केला. आज या खाजणांत आया स्वतः पिल्लांना होडीजवळ आणतात.

ही गोष्ट मी लेकाला सांगत होते, ऐकत होती आई. "मीही लावीन हात," म्हणाली. एकाहत्तर वर्षांची आहे, गुडघ्याला पट्टा बांधते. होडीत चढताना दोघांनी धरायचं असं ठरलंय.

बांधाबांध आता होत आलीय. आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या मूळ डब्यांत, डॉक्टरच्या चिठ्ठीसह. सर्दीच्या गोळ्या घरीच, कारण त्यातल्या स्यूडोएफेड्रिनला मेक्सिकोत बंदी आहे. पेसोच्या लहान नोटा एका पाकिटात. पेसोची खूण डॉलरसारखीच असते, तीनशेचं जेवण बघून छातीत धस्स होऊ द्यायचं नाही असं सगळ्यांना बजावून झालंय. चिवडा केलाय. त्यातला कढीपत्ता आईनं एकेक पान करून वेचून काढला, कारण परत येताना पाला-फळं दाखवावी लागतात आणि लिंबूवर्गीय झाडांच्या किडीपायी इथं कढीपत्त्यावर कडक नजर असते. मी म्हटलं, तळलेल्या पानाला कुणी काही म्हणणार नाही, आणि तोवर चिवडा संपलेलाही असेल. ती म्हणाली, "नको बाई. येताना कुठं अडायला नको."

काल रविवारी संध्याकाळी मी सगळ्यांना घेऊन रस्ता बघायला गेले. चालवत मी होते. आय-फाइव्हवर शेवटच्या दोन मैलांत माझा हात स्टिअरिंगवर घट्ट झाला होता. लेकानं लांबूनच फलक मोठ्यानं वाचला. मी उजव्या लेनला आले, इंडिकेटर दिला, एक्झिट घेतली आणि दहा वर्षांपूर्वी जिथं गाडी थांबवली होती साधारण तिथंच लावली. ऊन उतरलं होतं. टेकडीवरच्या घरांत एकेक दिवा लागत होता. मधल्या लेनमधल्या गाड्या आमच्या डोळ्यांसमोर न थांबता पलीकडे जात होत्या.

आई त्यांच्याकडे बघत म्हणाली, "शनिवारी असं उजवीकडे नाही यायचं ना?"

"नाही," मी म्हटलं. "मधल्या लेनमध्येच राहायचं."